परीक्षेची भीती आणि शांत श्वास



वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ वजा. अशा वेळी छाती धडधडू लागली की पाठ असलेलेही आठवत नाही. म्हणून मुलांना सजगतेचा सराव शिकवतात: पेन खाली ठेवायचे, पावले जमिनीवर टेकवायची, चार-पाच श्वास सावकाश सोडायचे, 'मला भीती वाटते आहे' हे मनात मान्य करायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे.

मंडळीत काहींना हे परक्या धर्माचे वाटते. प्रार्थना पुरेशी नाही का, असे ते विचारतात. आम्हांला वाटते, श्वासही देवाचेच दान आहे. थकून मरण मागणाऱ्या एलीयाला आधी झोप, भाकर आणि पाणी मिळाले. होरेबावरची मंद वाणी त्याने नंतर ऐकली.

हा सराव परीक्षेच्या सकाळी सुरू करून भागत नाही. रोज अभ्यासापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, मन भरकटले की परत आणावे, मग प्रार्थना करावी.

आपण मोठ्यांनीही रविवारी उपासनेनंतर "किती मार्क पडले?" हे विचारणे थांबवावे. पुष्कळ मुलांना पेपरपेक्षा आपल्या नजरेतून उतरण्याची भीती मोठी असते. झोप, जेवण सुटले असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

रँक कोणतीही येवो, स्वर्गीय पिता त्यांना टाकणार नाही. हे मुलांना आधी आपल्या वागण्यातून कळू द्या.