कोड येत नाही? चालेल

३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्राम मोलेनार गेले. आयटीत किंवा संशोधनात असाल, तर त्यांचं ‘विम’ कधी ना कधी उघडलं असेल. निदान त्यातून बाहेर कसं पडायचं हे गूगलवर शोधलं असेल. १९९१ साली अमिगा संगणकासाठी आलेला हा टेक्स्ट एडिटर या डच माणसाने तीसहून जास्त वर्षं सांभाळला. पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या किबाले गावच्या मुलांना द्या, एवढंच मागणं. सुधारणा जगभरातून येत, पण घ्यायच्या की नाहीत हे बहुतांशी ते एकटेच ठरवत. त्यांच्यामागे क्रिस्टियन ब्राबांट आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनी भार उचलला, म्हणून विम चालू आहे. दर वेळी असे लोक तयार असतीलच, हे गृहीत धरता येत नाही.

पायथनही इथलंच. १९८९ च्या नाताळात गिडो (डच लोक ‘खिडो’ म्हणतात) व्हान रॉसम यांनी ते लिहायला घेतलं, तेव्हा ते ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत होते. माझा सगळा डेटा त्यावरच चालतो, आणि बहुधा तुमचाही.

मग हातभार का लावत नाही, असं विचारलं की उत्तर येतं, ‘एवढं कोडिंग जमत नाही.’ मला ही सबब वाटते. कोड लिहिणारे मिळतात. कुठली आवृत्ती, काय केलं, काय बिघडलं, हे छोट्या उदाहरणासह नीट कळवणारे फार थोडे.

त्यातलं एक काम तर आपल्याच वाट्याचं आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. दुसऱ्या शब्दातला हा आडवा अर्धा र हिंदीत नाही. तो एखाद्या फाँटमध्ये किंवा आलेखावर तुटला, तर डच प्रोग्रॅमरला कळणार नाहीच, पण शेजारी बसलेल्या लखनौच्या सहकाऱ्यालाही खटकणार नाही. आपल्याला खटकतो. आपण स्क्रीनशॉट काढतो, व्हॉट्सॲपवर हसतो आणि सोडून देतो. तोच स्क्रीनशॉट प्रकल्पाकडे पाठवायला अर्धा तास लागतो.

पण तो अर्धा तास रविवारचाच का असावा? इथल्या ई-सायन्स सेंटरमध्ये संशोधनाचं सॉफ्टवेअर लिहिणं हीच पगारी नोकरी आहे. बाकी ठिकाणी बॉसकडे मागावं लागतं. मी मागितलं. महिन्यातून एका शुक्रवारची दुपार मिळाली.