कर्झनसाहेबांची पंधरा कारणं

लॉर्ड कर्झन म्हटलं की आपल्याला १९०५ची बंगालची फाळणी आठवते. शाळेच्या पुस्तकात हा व्हाइसरॉय तिथंच संपतो. पण इंग्लंडला परतल्यावर या उमरावाने आणखी एक उद्योग केला. बायकांना मताचा हक्क मिळू नये म्हणून त्याने संघटना चालवली.

१९०८ मध्ये ब्रिटनमधल्या काही प्रतिष्ठित स्त्रियांनीच मताधिकारविरोधी लीग काढली होती. १९१० मध्ये ती पुरुषांच्या लीगशी एक झाली आणि अध्यक्ष झाले लॉर्ड क्रोमर, त्यांच्यामागून कर्झन. बायकांना मत नको, हे सांगणाऱ्या बायकांनाही अध्यक्षपद मिळालं नाही!

कर्झनने विरोधाची पंधरा कारणं मांडली. बायकांची जागा घरात, त्यांचा स्वभाव राजकारणाला योग्य नाही, त्या युद्धावर जात नाहीत, बहुतेकींना मत नकोच आहे. एक कारण तर आपल्या नावावर खपवलं: बायकांना मत दिलं तर हिंदुस्थानात गैरसमज होईल, साम्राज्य दुबळं ठरेल.

हिंदुस्थानातल्या बायकांना विचारलं होतं कुणी? डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि मताधिकार मागून आलं. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे त्यासाठी झटल्या. १९२१ मध्ये इथल्या कायदेमंडळाने तो मान्य केला, अर्थात मालमत्तेच्या अटीसह.

कर्झनची पहिली बायको मेरी लायटर शिकागोच्या कोट्यधीशाची मुलगी. म्हणजे बायकोच्या माहेरचा पैसा चालतो, बायकोचं मत चालत नाही!

जानेवारी १९१८ मध्ये मताधिकाराचं कलम लॉर्ड्स सभागृहात आलं. कर्झन तिथला नेता. भाषण विरोधात केलं. पण खालच्या सभागृहाने ते मोठ्या बहुमताने मंजूर केलेलं, म्हणून मतदानाला तटस्थ राहिला. कलम १३४ विरुद्ध ७१ मतांनी पास झालं. त्याचं मन पालटलं नव्हतं, संख्या पालटली होती. त्यामागे बायकांचे मोर्चे, तुरुंगवास, उपोषणं होती. तरी हक्क मिळाला तो तीस वर्षांवरच्या, आणि त्यातही ठरावीक स्त्रियांना. बरोबरीसाठी १९२८ उजाडावं लागलं. पुढे त्याचीच मुलगी सिंथिया १९२९ मध्ये खासदार झाली आणि थोरली आयरीन १९५८ मध्ये लॉर्ड्समध्ये बसली.

मैत्रिणींनो, गावोगावच्या बैठकांत मी ही पंधरा कारणं आजही ऐकते. ‘बाईला झेपेल का?’ ‘घराकडे कोण बघणार?’ ‘आमच्या बायकांनाच नको आहे.’ संसदेतल्या आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. समजूत पटण्याची वाट बघत बसलो तर बसूनच राहू. यापुढे ग्रामसभेत कुणी ‘बायकांनाच नको आहे’ म्हणालं, तर तिथल्या तिथं विचारा: कोणत्या बायकांना विचारलंत? नावं सांगा.