झाडांच्या रकान्यात न मावणारे भूदृश्य

सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा परिसर भीमा आणि सीना या नद्यांच्या मधला, बहुतांशी सपाट. डोंगर फोडला की जखम लगेच दिसते, म्हणून घाटातल्या कामांवर चर्चा होते. माळावरच्या कामांवर होत नाही. वास्तविक नजर क्षितिजापर्यंत जाते अशा मुलखात चार-पाच मीटरचा भरावही शिवाराचे दोन तुकडे करतो. पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, टेंभुर्णीला बायपास मिळाला. अशा कामांत भूदृश्याचे काय झाले, याचा हिशेब आपल्या कागदांत बहुधा एकाच रकान्यात असतो: झाडे तोडली किती, लावायची किती. पण भूदृश्याचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. भराव किती उंच, मोऱ्या कुठे, मुरूम कोणत्या माळावरून उचलायचा, हे आखणी आणि रस्त्याचा उभा छेद (एल-सेक्शन) ठरवतात. रोपे त्यानंतर येतात.

सांगली जिल्ह्यातील भोसे येथे २०२० मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड येणारा जुना वड लोकांच्या आग्रहामुळे राखला गेला आणि आराखडा बदलला. २०२२ मध्ये तो वड कोसळला. त्याचे खापर रस्त्यावर फोडायचे नाही. आराखडा बदलता येतो, तोही इतक्या उशिरा, एवढेच इथे महत्त्वाचे. पालखी मार्गांवर तर वारकऱ्यांसाठीची पायवाट आराखड्यातच धरली गेली. चालणाऱ्याची गरज वेळेवर मान्य झाली, की रस्त्याच्या आडव्या छेदात जागा निघते. उलट पर्यावरण मंजुरीच्या नियमांतील २०१३ च्या दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरपर्यंतच्या महामार्ग-रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. मग अशा कामात भूदृश्याची काळजी संकल्पनकारानेच वाहायची.

दुष्काळी मुलखात जपण्यासारखे काय, हा आक्षेप फुटकळ आहे. ओढ्याकाठची चिंच आणि बांधावरचा लिंब ज्यांना सावली देतात, त्यांनी तो कधी घेतलेला नाही. उसाच्या ट्रॉल्यांना आणि एमआयडीसीला रस्ता हवा, हे निर्विवाद. खरा आक्षेप तांत्रिक आहे: काळ्या मातीत सबग्रेड, म्हणजे रस्त्याखालचा मातीचा थर, पाण्याच्या वर ठेवावा लागतो, आणि अंडरपास टाळला तर माणसे मरतात. दोन्ही मान्य. मात्र पाण्यासाठी लागते ती उंची अंडरपाससाठी लागणाऱ्या उंचीपेक्षा बरीच कमी असते. दोन अंडरपासांमधले अंतर पुरेसे असेल, तर तिथे रस्त्याची रेषा खाली आणता येते. भरावाची माती वाचते, जमीनही कमी लागते. तरी सगळा बायपास एकाच उंचीवरून नेला जातो, कारण संगणकावर सरळ रेषा ओढणे सोपे. व्यवहार्यता अहवालातच गावाच्या बाजूने पाहिलेला उभा छेद जोडावा, एवढी आमची मागणी आहे. एका नकाशाचे काम.