अंगणातील लाल पाने आणि ओसरीवरचा दिवा

दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी गावोगाव जाणे घडते, तेव्हा अलीकडे बऱ्याच अंगणांत एक झाड दृष्टीस पडते. फांदीच्या शेंड्याशी रक्तवर्णी पानांचे चक्र आणि मध्यभागी बारीक पिवळे ठिपके. यास पॉइन्सेटिया म्हणतात. बहुतेक घरांत ते रोपवाटिकेतून कुंडीत येते, महिना-दीड महिना शोभा देते आणि पाने गळू लागली की कुंडीसह उकिरड्यावर जाते. हे मला रुचत नाही. ज्या झाडाला आपली उष्ण हवा मानवते आणि जे वर्षानुवर्षे जगू शकते, त्याला अंगणात हातभर जागा द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा विषय काढला की दोन आक्षेप हटकून ऐकू येतात. पहिला असा की, हे चिकाचे झाड, दारात नसावे. शेर आणि निवडुंग यांच्याच कुळातील ते आहे, हे खरे. चीक अंगाला लागून काहींना खाज सुटते. म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. परंतु चीक हाच दोष मानला, तर वटपौर्णिमेस आपण ज्याला सूत गुंडाळतो त्या वडाचे काय? मारुतीरायाच्या गळ्यातील रुईचे काय? आणि ज्याच्या तळी दत्तात्रेयांचा वास आपण मानतो, त्या औदुंबरालाही चीक आहेच.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. याचे मूळ स्थान मेक्सिको आणि ग्वाटेमाला. तेथील प्राचीन अझ्टेक लोक याच्या लाल पानांपासून रंग काढीत. 1825 ते 1829 या काळात मेक्सिकोत अमेरिकेचे वकील असलेल्या जोएल पॉइन्सेट यांनी ते स्वदेशी पाठविले, म्हणून त्यांचे नाव त्यास चिकटले. पण दसऱ्याच्या तोरणातील झेंडूही मूळचा त्याच मेक्सिकोचा! (नैवेद्याच्या ताटातील मिरचीही तिकडचीच, हे आमच्या सुगरणींना सांगण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.)

जे लाल दिसते ते फूल नव्हेच, ती पाने होत; खरी फुले त्या पिवळ्या ठिपक्यांत असतात. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताला काय अर्पावे हे सांगताना पानाचा उल्लेख फुलाच्या आधी आला आहे, याचे मला अशा वेळी स्मरण होते. तरीही ही पाने पूजेत वाहावीत असा माझा आग्रह नाही. खुडली की ती चीक गाळतात. ती झाडावरच शोभतात.

रंग उतरला की माघ-फाल्गुनात फांद्या दोन वीत ठेवून छाटाव्यात. कुंडीतील रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये, हळूहळू सरावू द्यावे. मृगाचा पाऊस पडला की दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा पाहून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता ते जमिनीत लावावे. आमच्या भीमाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडाची मुळे साचल्या पाण्यात कुजतात. म्हणून मातीत वाळू व शेणखत मिसळून थोडा उंचवटा करावा. छाटलेल्या वीतभर कांड्यांचा चीक सावलीत सुकू देऊन त्या खोचल्या, तर त्यांनाही मुळे फुटतात. जमिनीत झाड पुरुषभर उंच सहज होते. भिंतीला खेटून लावू नये. भाद्रपद संपल्यावर मात्र कात्री लावायची नाही, कारण लाल होणारे शेंडेच त्यात जातात.

एवढे सारे करूनही माझे स्वतःचे झाड सलग दोन वर्षे हिरवेगार राहिले. खताला दोष दिला, मातीला दिला. दोष माझा होता. आश्विनात रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागली, की हे झाड रंगाची तयारी करते; त्यासाठी त्याला आठ-दहा आठवडे रोजचा अखंड काळोख लागतो. मध्यरात्री थोडा वेळ पडलेला प्रकाशही त्याची मोजणी मोडतो. आणि मी कीर्तन आटोपून अपरात्री परतेन म्हणून आमच्या घरी ओसरीवरचा दिवा नेमका त्या झाडावर जळत ठेवलेला असे! सणासुदीला झाडांवर रात्रभर विजेच्या माळा सोडणाऱ्या यजमानांनाही मी हेच सांगतो: देवाजवळ समई अवश्य तेवत ठेवा, अंगणातील दिवे मात्र निजताना मालवा.

गेल्या आश्विनापासून ओसरीवर दिवा नाही. मी विजेरी घेऊन येतो, तीही झाडाकडे न वळवता. पायरीशी एकदा ठेच लागली आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. या सप्ताहात झाडाचे सातही शेंडे लाल झाले आहेत.