उथळ खाडीतले शीड आणि पेटंटचा दावा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून हेलिंग आयलंड नावाचे एक सखल बेट आहे. त्याच्या पश्चिमेस लँगस्टन आणि पूर्वेस चिचेस्टर अशी दोन खाडीबंदरे असून दोहोंची मुखे अरुंद आहेत. त्यामुळे बाहेरच्या समुद्राची लाट आत फारशी पोहोचत नाही. वारा मात्र मोकळेपणाने पोहोचतो. ओहोटीला चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात आणि भरती आली की त्यांवर पाण्याचा उथळ थर पसरतो. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या बळावर पाणी कापीत जाणे, शिकू पाहणाऱ्यास अशी जागा फार मानवते. तोल गेला तरी पाय तळाला टेकतात, फळी हाताशी राहते आणि पुन्हा चढता येते. वारा जमिनीकडून खुल्या समुद्राकडे वाहत असेल तर मात्र शांत खाडीदेखील फसवी ठरते, कारण नवशिक्या नकळत दूर लोटला जातो.

याच बेटाजवळच्या एका खाडीत १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने प्लायवुडची फळी, तंबूचे कापड, एक काठी आणि पडद्याच्या कड्या एवढ्या सामग्रीवर आपले वाहन तयार केले. सुट्टीच्या दिवसांत तो ते चालवी, आणि येणारे-जाणारे ते पाहत. त्याने कोठे अर्ज केला नाही, नोंद केली नाही. बारा वर्षांच्या मुलाला ते सुचावे तरी कसे?

या वाहनाचे मर्म एका सांध्यात आहे. साध्या होडीत डोलकाठी पक्की रोवलेली असते आणि दिशा बदलण्यास सुकाणू लागते. येथे डोलकाठी तळाशी अशा सांध्याने जोडलेली असते की ती कोणत्याही बाजूस कलावी. शीड पाण्यात पडले की दोरीने वर ओढून घ्यावयाचे, मग शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरावयाचा. शीड पुढे झुकविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकविले की वाऱ्याकडे वळते. सुकाणूचे काम शीडच करते.

चिल्व्हर्सनंतर काही वर्षांनी अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी पतंगाच्या आकाराचे शीड असलेली फळी बनविली आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात तिची माहिती छापून आली. पेटंट त्यांनीही घेतले नाही. ते घेतले कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी. ड्रेक विमानविद्येचे अभियंते, तर श्वाइट्झर व्यवहारी वृत्तीचे गृहस्थ. १९६८ साली त्यांनी अर्ज केला आणि १९७० साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे ड्रेक यांनी आपला हिस्सा श्वाइट्झर यांना विकला. खेळ युरोपात झपाट्याने पसरला, फळ्या बनविणारे कारखाने उभे राहिले आणि पेटंटधारक कंपनीने परवाना-शुल्काची मागणी सुरू केली. ज्यांनी ते देण्यास नकार दिला, त्यांच्यावर दावे गुदरले.

ब्रिटनमध्ये ‘टाबुर मरीन’ या कंपनीवर असा दावा झाला, आणि प्रतिवादी पक्षाने हेलिंग आयलंडचा तो मुलगा न्यायालयापुढे उभा केला. एव्हाना तो चांगला कर्ता पुरुष झाला होता. पेटंटच्या अर्जात शिडाचा दांडा धनुष्यासारखा वक्र असल्याचे म्हटले होते. चिल्व्हर्सचा दांडा सरळ होता. वादी पक्षाला या फरकाचा आधार होता. परंतु वारा भरला की तो सरळ दांडाही वाकून वक्राकार होई, आणि न्यायालयाने तेच महत्त्वाचे मानले. १९८० च्या दशकात अपील न्यायालयानेही ब्रिटिश पेटंट अवैध ठरविले. जी वस्तू अर्जापूर्वीच उघडपणे वापरात होती ती नवी नव्हे, हे पहिले कारण. डार्बी यांच्या लेखावरून जाणकार कारागिराला ती सहज सुचली असती, हे दुसरे. कोट्यवधींच्या उलाढालीचा हक्क एका मुलाच्या सुट्टीतील खेळापुढे टिकला नाही, हे बँकेत तारण तपासणाऱ्यालाही विचारात पाडणारे आहे. श्वाइट्झर यांनी चिल्व्हर्सचे नावही ऐकलेले नसले, तरी त्याने निर्णयात फरक पडला नसता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही अर्जापूर्वीचा जाहीर वापर हे पेटंट रद्द होण्याचे एक कारण आहे. नवे यंत्र वा नवी वेष्टनरीत प्रथम बाजारात मांडून मग अर्जाचा विचार करणाऱ्या उद्योजकाचे त्यात मोठे नुकसान होऊ शकते.

अमेरिकेत निकाल वेगळा लागला. तेथील वरिष्ठ न्यायालयाने १९८६ साली पेटंट वैध मानले, पण ‘विंडसर्फर’ या व्यापारचिन्हाबाबत मात्र वाद राहिला. हे नाव लोकांच्या तोंडी इतके रुळले होते की ते एका कंपनीच्या मालाचे न राहता त्या जातीच्या साऱ्या फळ्यांचे झाले होते. दरम्यान, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेशही होऊन गेला होता.

ब्रिटिश खटल्यात न्यायमूर्ती ऑलिव्हर यांनी एखादा शोध ‘सहज सुचण्याजोगा’ होता की नाही हे पारखण्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत घालून दिली. २००७ साली दुसऱ्या एका खटल्यात तिची फेरमांडणी झाली. औषधांपासून यंत्रांपर्यंत कोणत्याही पेटंटचा वाद असो, इंग्लंडमधील वकील आजही त्या कसोटीचा उल्लेख करताना ‘विंडसर्फिंग’ हेच नाव घेतात.