पेवातली वाईन

जॉर्जियात वाईन जमिनीत पुरतात. कॉकेशसच्या पायथ्याच्या या देशात, विशेषतः काखेती भागात, गावोगाव घरांना वाईनची एक वेगळी खोली असते आणि तिच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. रांजणाला क्वेव्री म्हणतात. माणूस आत उतरून घासू शकेल एवढा मोठा, बुडाला निमुळता, आतून मेण फिरवलेला. द्राक्षं तुडवायची आणि रस, साल, बी, कधी देठसुद्धा, सगळा लगदा त्यात ओतायचा. वरून यीस्ट नाही, साखर नाही. फसफसू लागलं की साली वर तरंगतात. त्या दिवसातून चार-पाचदा काठीनं खाली दाबायच्या. उकळी बसली की झाकण ठेवून लिंपायचं आणि वसंत येईपर्यंत हात लावायचा नाही. युनेस्कोनं २०१३ साली ही पद्धत वारसा यादीत घेतली. तिथल्या उत्खननात मिळालेल्या खापरांवर इसवी सनापूर्वी सहा हजारच्या सुमाराच्या वाईनचे अंश सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं.

हे वाचून माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या लोह्याच्या माणसाला पेव आठवणार नाही तर काय! जुन्या वाड्यांत घट्ट मुरमात खोदलेलं, कडब्यानं आतून मढवलेलं, ज्वारी भरून तोंड लिंपलेलं पेव. ते उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. क्वेव्रीचीही भीती तीच, कारण आंबताना निघणारा वायू जड असतो, तळाशी साचून राहतो. पुरण्याचं कारणही दोन्हीकडं एकच: वर ऊन असो की थंडी, खाली हवामान फारसं हलत नाही. आमच्या पेवात मात्र ओल शिरून काही आंबलं की बोंबच.

क्वेव्रीतल्या पांढऱ्या वाईनला बाहेर ऑरेंज वाईन म्हणतात. संत्र्याशी तिचा काही संबंध नाही, ती हिरव्या-पिवळ्या द्राक्षांचीच. एरवी व्हाईट वाईन करताना द्राक्षं दाबली की साल लगेच बाजूला काढतात. रेड वाईनमध्ये ती रसातच ठेवतात. इथं पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवायची, एवढाच फरक. पुण्यात भाच्याकडं मी ती चाखली. रंग मधाचा, तळाला गाळ, वास वाळल्या जर्दाळूचा, आणि घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. गोडी औषधालाही नाही. "मामा, नुसती नका घेऊ, जेवणाबरोबर घ्या," भाचेसून म्हणाली. भाकरी-ठेच्याबरोबर खरंच बरी लागली.

हल्ली या वाईनचा जो बोलबाला आहे, त्यात इटलीच्या स्लोव्हेनिया सीमेवरचा एक शेतकरी महत्त्वाचा, योश्को ग्रावनेर. घरची बाग, घरचीच वाईन, स्टीलच्या टाक्या, नवी लाकडी पिंपं, सगळं होतं. १९९६ च्या गारपिटीत बाग झोडपली गेली. हाती राहिलेल्या थोड्या द्राक्षांवर त्यानं सालीचा प्रयोग केला. २००० साली तो जॉर्जियाला जाऊन आला आणि २००१ पासून त्याची वाईन जमिनीतल्या रांजणांत आंबू लागली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारा पडल्या, तेव्हा आपल्याकडं पंचनामे झाले. तुलना करायची नाही म्हटलं तरी होतेच.

तुळजापूरकडं माझ्या साडूंची द्राक्षबाग आहे. त्यांना हे सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "अवो पाव्हणं, सालीवरच तर सगळं औषध बसतंय की!"

मुद्दा तिथंच आहे. साल रसात महिनोन् महिने राहणार असेल तर सालीवर जे आहे ते सगळं रसात उतरणार. रंग, तुरटपणा आणि फवाराही. यीस्ट बाहेरचं घालायचं नाही म्हटल्यावर बागेतल्या यीस्टवरच भिस्त, आणि बुरशीनाशक यीस्टला ओळखून सोडत नाही. यीस्टही बुरशीच. खाण्याच्या द्राक्षाची तऱ्हा तर आणखी वेगळी. मणी फुगावा म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात बुडवायचे, शेंडा थांबावा म्हणून लिहोसिन. २०१० मध्ये याच लिहोसिनचा अंश सापडल्यानं युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती. वाईनचं द्राक्ष, म्हणजे आपल्याकडचं शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां, बारीक मण्याचं, बियांचं असतं. त्याला फुगवायचं कारणच नाही. पण भुरी आणि डाऊनी हे रोग त्यालाही सोडत नाहीत.

शिवाय आपल्याकडं वेल झोपतच नाही. दौलताबादची द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं इब्न बतूतानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय. आज एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावून एकच पीक घेतात. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस किंवा धुई आली की साडूंचा पंप खांद्यावरून उतरत नाही.

सेंद्रिय बागेतही बोर्डो चालतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे शिंपडत. त्याच वेली डाऊनीतून वाचल्या, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मांडलं. साडू अजून जुन्या रीतीनं तपासतात. ड्रममध्ये विळ्याचं पातं बुडवून धरायचं; त्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला. पण मोरचुदातलं तांबं जमिनीतून जात नाही. युरोपनं हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे.

वाईन सुपरमार्केटमध्ये ठेवायची की नाही, यावर २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात रण पेटलं. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर पंधरा दिवस चर्चा झाली, उपोषणाचे इशारे झाले. बाटलीतल्या द्राक्षावर काय मारलं होतं, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. वाईनच्या द्राक्षात शेतकऱ्याचे हात आधीच पोळलेत. २००१ च्या धोरणानंतर अनेकांनी वाईनच्या बागा लावल्या. २००८ च्या मंदीनंतर इंडेजसारखी मोठी कंपनी कोसळली आणि गिऱ्हाईक नसलेल्या बागा उपटाव्या लागल्या. त्यामुळं सालीसकट वाईनचं असं काही करायचंच तर दोन-चार ओळींवर, घरच्या माणसांनी, रोज सकाळी पान उलटं करून बघत करावं असं माझं मत. पगारी माणूस पान उलटं करत नाही.

साडूंनी ऐकून घेतलं. ग्रावनेर वाईन विकायला कधी काढतो, असं त्यांनी विचारलं. सात वर्षांनी, मी म्हणालो.

"आन् बँकेचं नवं-जुनं मार्चएन्डला कोण करतंय त्याचं?"