सिंहगड किती वेळात चढता, ते राहू द्या

पुण्यातल्या सायकलवाल्यांत मनाली–लेहचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सिंहगड किती वेळात चढतोस?’ मांड्यांचं हे कौतुक मला पटत नाही. सिंहगडाचा चढ लेहच्या वाटेवरच्या बहुतेक चढांपेक्षा अंगावर येणारा आहे. तिकडच्या रस्त्यावरून लष्कराचे भरलेले ट्रक जातात, त्यामुळे वळणं लांबलचक आणि चढ बेताचा. तिथे पाय थकत नाहीत, दम पुरत नाही.

मनालीच मुळी दोन हजार मीटरवर. म्हणजे पहिलं पेडल मारण्याआधीच आपण कळसूबाईच्या (1646 मीटर) वर असतो. मग रोहतांग, 3978 मीटर. तिथून लाहौलात उतरून केलाँग, जिस्पा, दारचा. पुढे बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड), नकी ला, पाच हजारांवरचा लाचुलुंग ला आणि शेवटी 5328 मीटरचा तांगलांग ला. रोहतांगमार्गे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात. तांगलांगवर एका श्वासात पुण्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त प्राणवायू मिळतो. पाण्याची बाटली काढायला वाकलं तरी धाप लागते.

या वाटेवर दिवस पहाटेच सुरू करावा लागतो. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. लाचुलुंगपुढच्या मोरेच्या पठारावर दुपारनंतर वारा सुटतो, आणि तो समोरून असला तर सपाट रस्त्यावरही चढाचा गिअर लावावा लागतो.

सरचूनंतर गाटा लूप्स लागतात, एकवीस वळणं. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा हा ढीग! बर्फात अडकलेल्या ट्रकचा आजारी क्लीनर इथे पाण्यावाचून गेला, अशी दंतकथा; म्हणून येणारा-जाणारा त्याच्यासाठी बाटली ठेवतो. भुताला पाणी जरूर द्यावं, रिकामं प्लास्टिक मात्र देऊ नये.

खरी मेख आहे सरचूची. उंची सुमारे 4300 मीटर. मनालीहून गाडीनं निघालेले लोक एका दिवसात तिथे पोचतात आणि रात्रभर डोकं धरून, ओकत बसतात. बरं, परतावं तर मागे बारालाचा, सुटावं तर पुढे लाचुलुंग. खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं! सायकलवाला तिथे चार-पाच दिवसांनी पोचतो, तोवर शरीर रुळलेलं असतं. सायकलचा संथपणा हेच तिथलं औषध. तेही आपण पातळ करतो: हापिसाच्या रजेत बसावी म्हणून मोहीम आखडती घ्यायची आणि वर शेवटी लेहपुढचा खारदुंग लाही जोडायचा.

तेव्हा सरावाला कात्रज, पसरणी, सिंहगड जरूर करा. पण बारालाच्याच्या आधी जिस्पाला एक मुक्काम जादा ठेवा, आणि डोकं ठणकत असेल तर पुढे चढू नका. रजेच्या अर्जात दोन दिवस वाढवूनच लिहा. साहेबांनी नाहीच दिले, तर यंदा लेह नाही. कोकणात उतरा आणि लेह पुढच्या वर्षी करा.